‘हे माझ्याच वाट्याला का?’ : दुःख आणि साधना यांच्या नात्याची पार्श्वभूमी

आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, विश्वासघात किंवा सर्वस्व गमावण्याची वेळ यांपैकी काहीही अंगावर कोसळले, की मनात दोन प्रश्न उभे राहतात. ‘हे माझ्याच वाट्याला का आले?’ हा पहिला, आणि ‘आता उद्याचा दिवस कसा काढायचा?’ हा दुसरा. दोन्ही एकाच दमात विचारले जात असल्यामुळे ते एकच वाटतात. परंतु दुःखात अर्थ शोधण्याचा आणि त्यासाठी साधनेचा आधार घेण्याचा जो इतिहास धर्मग्रंथांतून, आत्मकथनांतून आणि अलीकडे वैद्यकातून आपल्यापर्यंत पोहोचला आहे, त्यात या दोन प्रश्नांच्या वाटा फार लवकर वेगळ्या झाल्या. पहिल्याच्या उत्तरांवर वाद झाले, ती बदलली, काही मोडून पडली. दुसऱ्याच्या उत्तरादाखल माणसांनी जे करायला घेतले, त्यातले पुष्कळसे आजही चालू आहे.

भारतीय दर्शनांनी दुःखाला विचाराच्या उंबरठ्यावरच जागा दिली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका या सांख्य दर्शनाच्या मूलभूत ग्रंथातील पहिल्याच कारिकेत (श्लोकात) त्रिविध तापांच्या, म्हणजे स्वतःपासून, इतरांपासून आणि दैवाकडून होणाऱ्या दुःखांच्या, आघातातून जिज्ञासा जन्मते असे म्हटले आहे. म्हणजे तत्त्वचिंतनाचे मूळ कुतूहलात नसून आघातात आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव तर ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. त्या अध्यायात उपदेशाला सुरुवातही झालेली नाही, हातातून धनुष्य गळून पडलेला एक माणूस रथात खाली बसला आहे, आणि तरीही परंपरेने त्या विषादाला योग म्हटले. हे नाव मला नेहमी फार विचारपूर्वक दिलेले वाटते.

गौतम बुद्धांनी सारनाथ येथील पहिल्या प्रवचनात दुःख हे पहिले आर्यसत्य म्हणून मांडले, हे सर्वपरिचित आहे. त्याहून सूक्ष्म मांडणी संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील दोन बाणांच्या दृष्टांतात आढळते. एखाद्याला बाण लागावा आणि लगेच दुसराही लागावा, तशी अजाण माणसाची अवस्था असते : पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आकांताचा. ज्याने मनाला वळण लावले आहे, त्याला एकच बाण लागतो. येथे पहिला बाण लागत नाही किंवा दुखत नाही असा दावा कोठेही केलेला नाही, आणि या प्रामाणिकपणामुळेच हा दृष्टांत आजच्या वेदना-उपचारांतही सांगितला जातो.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील (जुन्या पाली टीकेतील) किसा गोतमीची गोष्टही याच दिशेची आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धांनी अनित्यतेचे प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही, अशा घरातून मोहरीचे दाणे आणायला सांगितले. ती दारोदार गेली, प्रत्येक दारात मोहरी मिळत होती आणि प्रत्येक दारात कोणाच्या तरी जाण्याची हकिगतही मिळत होती. ‘का?’ याचे उत्तर तिला कोणीच दिले नाही. तिला एक कृती दिली गेली, आणि त्या कृतीने तिला इतर दुःखितांच्या उंबऱ्यावर नेऊन उभे केले.

हिब्रू परंपरेतील ईयोबाच्या ग्रंथात ‘का?’ हा प्रश्न अधिक उघडपणे आणि अधिक रागाने विचारला गेला आहे. ईयोब हा नीतीने वागणारा माणूस; त्याची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख इतके मोठे होते, की कोणी एक शब्दही बोलले नाही. त्या मौनात त्यांच्याकडून काहीही चुकले नाही. चुकले ते पुढे, जेव्हा त्यांनी तोंड उघडून स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली : पाप केल्याशिवाय शिक्षा होत नाही, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडलेच असणार. ग्रंथाच्या शेवटी देव ईयोबाला कारण सांगत नाहीच. परंतु शहाणपण शिकवणारे मित्र चुकीचे बोलले आणि तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला, असा निवाडा मात्र तो स्पष्टपणे देतो. दुःखिताच्या तक्रारीलाही प्रार्थनेत स्थान आहे, या विचाराचा हा फार जुना आणि भक्कम आधार आहे.

तरीही स्पष्टीकरणे थांबली नाहीत. आपल्याकडे पूर्वसंचित आणि प्रारब्ध या कल्पनांनी असंख्य माणसांना धीर दिला, यात शंका नाही. ‘माझे भोग आहेत’ असे दुःखिताने स्वतः म्हटले, तर त्यात स्वीकार असतो. तेच वाक्य शेजाऱ्याने त्याच्याविषयी उच्चारले, की त्याचा आरोप होतो. युरोपात जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने 1710 मध्ये, हे जग संभाव्य जगांपैकी सर्वोत्तम आहे आणि म्हणून त्यातील दुःखही ईश्वरी न्यायाला बाध आणत नाही, अशी मांडणी केली. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, भाविक चर्चमध्ये जमलेले असताना पोर्तुगालमधील लिस्बन शहर भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तो आशावाद पूर्वीच्या आत्मविश्वासाने मांडणे कठीण होऊन बसले.

साधनेची वाट या वादांच्या बाजूने चालत राहिली. 1095 मध्ये बगदादच्या निजामिया विद्यापीठातील ख्यातनाम आचार्य अल-गझाली यांची वाचाच बंद झाली. वैद्यांनी हात टेकले, आणि पद व प्रतिष्ठा सोडून ते सूफी साधनेकडे वळले. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला, पुढे ख्रिस्ती संत ठरलेला स्पॅनिश योद्धा, अंथरुणावर पडून होता, तेव्हा काही विचार मागे समाधान ठेवून जातात आणि काही मन कोरडे करून जातात, असे त्याच्या ध्यानात आले. त्या निरीक्षणावर त्याने पुढे आत्मपरीक्षणाची एक शिस्तबद्ध पद्धत उभारली.

मराठी वाचकाला या प्रवासातील सर्वांत जवळचा साक्षीदार अर्थातच तुकाराम महाराज आहेत. 1630 ते 1632 या काळातील दुष्काळ दख्खनच्या इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी एक होता. आपल्या आत्मपर अभंगात महाराज सांगतात, की दुष्काळाने पैसा आटवला, मान नेला आणि एक बायको ‘अन्न अन्न’ करीत गेली. दिवाळे निघाले ते बरे झाले, असेही त्यांनी देवाला उद्देशून म्हटले आहे आणि ते वारंवार सांगितले जाते. पण ते उद्गार मागे वळून पाहताना निघालेले आहेत, हे आपण अनेकदा विसरतो. ऐन संकटात त्यांनी काय केले, हे त्या आत्मपर अभंगाच्या पुढच्या ओळींत आहे. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनात आले. एकादशीला ते कीर्तन करू लागले, आणि त्या आरंभीच्या दिवसांत आपले चित्त अभ्यासात नव्हते, असे ते स्वतःच कबूल करतात. संतांची काही वचने त्यांनी विश्वासाने व आदराने पाठ केली. पुढे गाणारे गात असत आणि हे मागे उभे राहून त्यांचे धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरत.

घरात मृत्यू झालेला आहे, धंदा बुडालेला आहे, लोकांपुढे उभे राहण्याची लाज वाटते आहे, आणि माणूस मागच्या रांगेत उभा राहून दुसऱ्याने सुरू केलेली ओळ फक्त उचलून धरतो आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा येथे आहे. चित्त नसताना साधना सुरू झाली, चित्त पुढे आले, आणि ‘बरे झाले’ हा अर्थ त्याच्याही नंतर आला. दुःखात पडलेल्या माणसाकडून आपण बहुधा हा क्रम उलटा अपेक्षितो : आधी श्रद्धा ठेव, आधी यातला अर्थ समजून घे, मग तुला शांती मिळेल.

विसाव्या शतकात हाच विषय मानसशास्त्राच्या भाषेत पुन्हा मांडला गेला. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल 1942 ते 1945 या काळात नाझी छळछावण्यांत होते. आईवडील आणि पत्नी त्यांनी तेथेच गमावले. आयुष्याकडून आपल्याला काय हवे, यापेक्षा आयुष्य या घडीला आपल्याकडून काय मागते आहे हे विचारावे, असे त्यांचे सांगणे होते. अर्थ सापडण्यासाठी दुःख आवश्यक नाही, आणि जे टाळता येते ते दुःख सोसत राहण्यापेक्षा त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण, हा त्यांनीच दिलेला इशारा मात्र त्यांचे नाव घेणारे पुष्कळदा गाळतात. तो गाळला, की अन्याय सोसणाऱ्यालाच सहनशीलतेचा उपदेश सुरू होतो.

1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला; पुढे तो आठ आठवड्यांच्या स्वरूपात जगभर रूढ झाला. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले : देव सोबत आहे या भावनेने मिळणारा आधार, आणि देव शिक्षा करतो आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे या भावनेतून वाढणारा त्रास. ईयोबाचे मित्र ज्या जागी चुकले होते, ती जागा आता संशोधनातही दिसू लागली.

वैद्यकात या विचाराला हक्काची जागा मिळवून देण्यात सिसिली साँडर्स यांचा वाटा मोठा आहे. परिचारिका, समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेल्या रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी मिळून माणसाची ‘समग्र वेदना’ बनते, ही त्यांची संकल्पना उपशामक उपचारांचा, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, पाया मानली जाते. ती त्यांना सुचली एका रुग्ण स्त्रीच्या उत्तरातून. कोठे दुखते आहे, असे साँडर्स यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, की सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझे सगळेच बिघडले आहे असे वाटते. मग ती नवऱ्याविषयी आणि मुलाविषयी बोलत राहिली, आणि साँडर्स ऐकत राहिल्या.