मांस भरपूर, तरीही उपासमार

'अलोन' या अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोमध्ये कॅमेरामन नसतो. दहा स्पर्धकांना रानात एकमेकांपासून लांब सोडून देतात. प्रत्येकाकडे स्वतः निवडलेल्या दहा वस्तू, चित्रीकरणाचे कॅमेरे आणि माघार घ्यायची झाली तर सॅटेलाइट फोन. सहावं पर्व 2019 मध्ये दाखवलं गेलं. जागा होती कॅनडाच्या उत्तरेतलं ग्रेट स्लेव्ह लेक. 77 दिवस टिकून जॉर्डन जोनासने ते जिंकलं आणि पाच लाख डॉलर घेऊन घरी गेला.

जोनास आयडाहोचा, शेतावर वाढलेला. तरुणपणी सायबेरियात गेला आणि रेनडिअर पाळणाऱ्या एवेंकी लोकांत राहून शिकार, सापळे, थंडी सगळं अंगवळणी पाडून आला. त्यामुळे सरोवराकाठी त्याने धनुष्यबाणाने अख्खा मूस पाडला याचं नवल वाटलं तरी धक्का बसत नाही. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. एका नरापासून दोनेकशे किलो मांस सहज मिळतं. आता याला कसली चिंता, असं घरी सोफ्यावर बसलेल्या कुणालाही वाटेल. त्याला मात्र घोर लागला होता चरबीचा. एक वुल्व्हरीन रात्री येऊन नेमकी साठवलेली चरबीच पळवत होता. कुत्र्याएवढं, पण भलतंच चिवट जनावर. शेवटी जोनासने त्याला ठार केलं.

रानातल्या जनावराचं मांस फार कमी चरबीचं असतं. अशा एक किलो मांसातून जेमतेम 1,100 ते 1,200 कॅलरी मिळतात आणि त्यात 220 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गोठवणाऱ्या थंडीत लाकडं फोडणाऱ्याला दिवसाला 3,000 कॅलरी तरी लागणार. नुसत्या मांसावर त्या भागवायच्या तर पावणेतीन किलो खावं लागेल आणि पोटात सहाशे ग्रॅम प्रथिनं जातील. इथे यकृत हात टेकतं. प्रथिनांपासून ऊर्जा काढताना त्यातल्या नायट्रोजनचा युरिया करून तो बाहेर टाकावा लागतो आणि या कामाचा वेग ठरलेला आहे. ढोबळ मानाने दिवसाला तीनशे ग्रॅमच्या पुढे प्रथिनं गेली की मळमळ, जुलाब, गळून जाणं सुरू होतं. उत्तरेकडचे शिकारी याला 'सशाची उपासमार' म्हणतात, कारण सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. पोट तुडुंब भरलेलं आणि माणूस खंगतोय!

आर्क्टिकचे प्रवासी विल्ह्यालमुर स्टेफान्सन यांनी 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे स्वतःवर करून पाहिलं. मांसाहारावर वर्ष काढायचं होतं. सुरुवातीला त्यांना बिनचरबीचं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांतच पोट बिघडलं. मग चरबीदार मांस आणि बेकनच्या चरबीत तळलेला भेजा दिल्यावर गाडी रुळावर आली.

चरबीच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी, प्रथिनांच्या ग्रॅममध्ये चार. शिवाय चरबी अंगावर वाहून नेता येते. म्हणून या शोचे बरेच स्पर्धक येण्याआधी मुद्दाम खाऊन वजन वाढवतात. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. जादा दहा किलो घेऊन आलेल्या माणसाला रोज हजार कॅलरी कमी पडल्या, तरी हिशेबाने तो 77 दिवस काढेल. जोनासचाही आकडा तोच, हा निव्वळ योगायोग. (प्रत्यक्षात शरीर स्नायूही जाळतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही.) उपासात मेंदूसुद्धा ग्लुकोजवरून हळूहळू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर येतो, काही आठवड्यांत त्याची निम्म्याहून जास्त गरज त्यातून भागते.

त्याच पर्वात वोनिया थिबोने सशांचे फास लावत 73 दिवस काढले आणि दुसरी आली. शरीर आता हार मानतंय हे ओळखून तिने स्वतःच फोन उचलला. मला हा निर्णय जोनासच्या शिकारीइतकाच कसलेला वाटतो. काही स्पर्धकांना तर वैद्यकीय तपासणीत वजन धोक्याच्या पातळीखाली गेलेलं दिसल्यावर जबरदस्तीने परत आणावं लागलं आहे.

परत आल्यावरही ताट वाढून ठेवलेलं चालत नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर जेवू घातलं तर इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात सुटलेल्या कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून जेवण थोडं थोडं, रक्त तपासत वाढवायचं असतं.