रोध जास्त म्हणजे उष्णता जास्त? घरच्या विजेच्या शेगडीत उलटंच घडतं

दहावीत ज्यूलचा नियम शिकवला जातो: उष्णता = धारा² × रोध × वेळ (धारा म्हणजे विजेचा प्रवाह, रोध म्हणजे त्याला होणारा अडथळा). त्यातून मुलं घोकतात, ‘रोध जास्त तर उष्णता जास्त’. हे खरं आहे, पण धारा तेवढीच राहिली तरच. घरात कायम असतं ते 230 व्होल्टचं विभवांतर (व्होल्टेज). रोध वाढला की धारा घटते, आणि सूत्रात तर तिचा वर्ग आहे! म्हणून इथे शक्ती (दर सेकंदाची उष्णता) = विभवांतर² ÷ रोध हे सूत्र धरावं. 1000 वॉटच्या तापलेल्या शेगडीचा रोध सुमारे 53 ओहम, 60 वॉटच्या पेटलेल्या पिवळ्या बल्बचा सुमारे 882.

शेगडीची नायक्रोम या मिश्रधातूची कॉइल तुटली की काही जण टोकं पिळून जोडतात. त्यात दहावा भाग गेला तर रोध 10 टक्क्यांनी घटतो, शक्ती सुमारे 1111 वॉटवर जाते. कॉइल जास्त लाल होते आणि लवकर जळते, बहुधा त्या पिळावरच. सैल जोडाचा रोध जास्त असतो आणि एकसर (एकापुढे एक) जोडणीमुळे त्यातूनही तीच धारा जाते. घोकलेलं वाक्य लागू पडतं ते इथे.

40 आणि 100 वॉटचे फिलामेंटचे बल्ब एकसर जोडले तर 40चाच जास्त उजळतो: धारा दोन्हींतून तीच, रोध मात्र 40च्या बल्बचा जास्त. (230 व्होल्टवरचा प्रयोग आहे, शिक्षकांनीच करून दाखवावा.)