बदामीच्या लाल कड्यातली चिमूटभर वाळू

बदामीला गेलात की लेण्यांच्या पायऱ्या चढण्याआधी कड्याच्या पायथ्याशी जरा खाली बसा. तिथे झिजून पडलेली लालसर वाळू चिमूटभर तळहातावर घ्या आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगातून पाहा. (लेण्यांच्या भिंतींना मात्र नखही लावू नका.) कण खडीसाखरेसारखे दिसतील, वर तांबूस पुट. लाली त्या पुटाची आहे. ते आहे हेमटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आपल्या गंजाचाच भाऊबंद. आत आहे क्वार्ट्झ, गारगोटीचं खनिज.

अजिंठा-वेरूळचा काळा कातळ लाव्हा थिजून झाला. बदामीचा वालुकाश्म हा आधीच्या डोंगरांचा चुरा, पुन्हा सांधला गेलेला. कण ०.०६ ते २ मिलिमीटरचे. त्याहून बारीक तो गाळ, त्याहून मोठा तो खडा.

मला दर वेळी थक्क करतं ते वेगळंच. ग्रॅनाइटसारख्या ज्या खडकांतून अशी वाळू निघते, त्यांत क्वार्ट्झपेक्षा फेल्डस्पार हा दुसरा खनिजगट जास्त असतो. मग तो गेला कुठे? पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं. त्यात फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते आणि ती दूर वाहून जाते. अभ्रकाचे पापुद्रेही टिकत नाहीत. क्वार्ट्झचं काठिण्य मोह्सच्या मापावर १० पैकी ७, आणि पाण्याला तो जवळजवळ दाद देत नाही. म्हणून मागे उरतो तोच. खडकातले ९५ टक्क्यांहून जास्त कण क्वार्ट्झचे असले तर त्याला क्वार्ट्झ अरेनाइट म्हणतात. फेल्डस्पार पाव हिश्शाहून जास्त असेल तर तो अर्कोज. अशी वाळू सहसा फार लांबून आलेली नसते, तिला कुजायला सवड मिळालेली नसते. बदामीच्या या थराला भूवैज्ञानिकांनी नावच दिलंय, ‘केव्ह टेम्पल अरेनाइट’.

कणांचा आकारही बोलतो. कोपरे शाबूत असतील तर प्रवास थोडका; घासून गोल झाले असतील तर लांबचा, किंवा एका जुन्या वालुकाश्मातून सुटून दुसऱ्यात आलेला. सगळे कण चाळून घेतल्यासारखे एकाच मापाचे दिसले, तर वाऱ्याने किंवा लाटांनी ते पुन्हापुन्हा निवडले असावेत. मोठे-बारीक सरमिसळ असतील तर पुराने एकदम आणून टाकलेले.

हे सुटे कण एकमेकांना धरून राहतात ते फटींतून झिरपलेल्या पाण्यामुळे. त्यातली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो तोच पदार्थ, जुन्या कणाच्याच अंगावर नवा क्वार्ट्झ चढवते. अशा खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कधी कधी जुन्या कणाची कड धुळीच्या बारीक रेघेने उमटलेली दिसते आणि तिच्याबाहेर नवी वाढ.

तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा, चालुक्य राजा पहिला कीर्तिवर्मा याच्या काळातला, त्याचा भाऊ मंगलेश याचा शिलालेख आहे. तो पाहून झाला की बाहेर येऊन कड्याकडे बघा. मोठे थर आडवे, पण त्यांच्या पोटात बारीक रेघा तिरक्या. वाहत्या पाण्याने वाळूचे उंचवटे पुढे सरकवले, त्यांचे हे उतार. ती वाळू साचली तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं. रेघा ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला तेव्हाचं पाणी वाहत होतं.