समरूप आकृतीत बाजू ‘तेवढ्याच’ वाढत नाहीत

‘एक बाजू ६ ने वाढली ना, मग दुसरीही ६ नेच वाढणार.’ समरूप आकृत्यांबद्दल (आकार तोच, माप लहान-मोठं असू शकतं) हा समज अनेकांचा असतो. ऐकायला तो अगदी सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे.

४ सेमी रुंद आणि ६ सेमी लांब आयत घ्या. तो मोठा करून रुंदी १० सेमी केली, तर लांबी किती? बेरीज करणारा १२ म्हणेल. खरं उत्तर १५ आहे. रुंदी अडीचपट झाली, म्हणून लांबीही अडीचपटच व्हायला हवी: ४/६ = १०/क्ष, म्हणून क्ष = ६० ÷ ४ = १५.

बेरीज का चालत नाही, हे पाहायचं असेल तर दोन्ही बाजूंत १०० मिळवा. १०४ आणि १०६! हा तर जवळजवळ चौरसच झाला; मूळचा लांबट आकार कुठेच उरला नाही. आकार टिकतो तो गुणोत्तरामुळे, फरकामुळे नाही. (मला तरी कोणत्याही सिद्धतेपेक्षा हेच उदाहरण जास्त पटतं.)

प्रमाण मांडताना संगत, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या, बाजूच समोरासमोर हव्यात. त्रिकोण फिरवून काढलेला असेल तर आधी समान कोन ओळखा, त्यांच्यासमोरच्या बाजू संगत असतात.

वरच्या आयताचं क्षेत्रफळ मात्र अडीचपट होत नाही. २४ चौसेमीचं थेट १५० चौसेमी होतं, म्हणजे सव्वासहापट, कारण तिथे गुणोत्तराचा वर्ग लागतो.