वेदीवरची भाकर गव्हाचीच का?

पाणी, अन्न, तेल. शरीराला रोज लागणाऱ्या या वस्तू ख्रिस्ती धर्माने थेट उपासनेच्या मध्यभागी आणून ठेवल्या. ख्रिस्ती होण्याच्या स्नानसंस्काराला पाणी, मिस्सेला म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला भाकर आणि द्राक्षारस, आजाऱ्याच्या अभ्यंगाला तेल. पहिल्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या साध्या घरातही हे सगळे हाताशी असे. देवाची कृपा माणसाच्या भुकेतहानेतूनच त्याच्यापर्यंत पोचते, ही त्यामागची श्रद्धा. पुढे धर्म भाताच्या मुलखात पोचला, तेव्हा पेच पडला. जी वस्तू रोजची म्हणून निवडली, ती तिथे रोजची नसेल तर काय करायचे? प्रत्येक वस्तूपुरते याचे उत्तर वेगळे निघाले.

पाण्याबाबत सुरुवातीपासूनच सवलत आहे. ‘दिदाखे’ ही बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरची आचारपुस्तिका. तिच्या सातव्या प्रकरणात पायऱ्या नेमक्या दिल्या आहेत: स्नानसंस्कार वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड चालत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. संस्कार घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करायचा. दुष्काळी गावाचीही अडचण होणार नाही असा हा नियम आहे.

भाकरीचा इतिहास इतका सरळ नाही. पहिली काही शतके लोक घरची, खमीर घातलेली भाकरच घेऊन येत आणि तीच वेदीवर जाई. त्या काळी ती करण्याची कृतीच शिकवणीचे साधन होती. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन नव्याने संस्कार घेतलेल्यांना सांगत: दीक्षेआधीच्या विधींत तुम्ही दळले गेलात, स्नानाच्या पाण्याने मळले गेलात, पवित्र आत्म्याच्या अग्नीने भाजले गेलात. घरी रोज दळण-कांडण पाहणाऱ्यांना याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नसे.

पश्चिम युरोपात साधारण नवव्या शतकापासून बेखमीर भाकर रूढ होऊ लागली आणि अकराव्या शतकापर्यंत तिथे तीच सर्वमान्य झाली. ती चुरत नाही आणि जास्त टिकते. पडलेल्या कणाकणाची काळजी घेणाऱ्या धर्मगुरूंना ते सोयीचे होते. भाकर घराघरांतून येणे बंद झाले आणि तिची जबाबदारी मठांकडे गेली. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाची अकराव्या शतकातली पद्धत लिहून ठेवलेली आहे. गहू दाणा-दाणा निवडून धुवायचा आणि फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या पिशवीत भरायचा. दळणाऱ्याने जात्याच्या तळ्या धुऊन भोवती पडदे लावायचे, पांढरा झगा घालायचा आणि डोळे सोडून चेहरा झाकायचा. पीठ थंड पाण्यातच भिजवायचे, कारण त्याने भाकर पांढरी होते. लोखंडी साचा धरणाऱ्याच्या हातात हातमोजे असायचे आणि सरपण अगदी कोरडे लागायचे.

आजची ओस्ती, म्हणजे मिस्सेत वापरतात ती पातळ गोल चकती, याच साच्याची वंशज आहे. त्यात पीठ आणि पाणी एवढेच असते. मीठ, साखर, खमीर काही नाही. धिरड्याच्या पिठाइतके पातळ मिश्रण दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून भाजतात. एका पट्टीवर क्रूस कोरलेला असतो. गुठळी राहिली तर पातळ पापडीत भोक पडते, आच वाढली तर ती तांबूस होते. खरी मेख पुढे आहे. भाजून निघालेली पापडी इतकी कडक असते की लगेच कापली तर तिच्या ठिकऱ्या उडतात. म्हणून ती काही तास, बहुतेक वेळा रात्रभर, दमट जागी ठेवून नरम करतात. दमटपणा जास्त झाला की ती वाकते आणि तशीच भरून ठेवली तर बुरशी धरते. मग गोल कापायचे, पुन्हा सुकवायचे, चाळून चुरा आणि तुटके तुकडे वेगळे काढायचे. लोकांसाठीची ओस्ती तीनेक सेंटीमीटरची असते, धर्मगुरूंची सातेक सेंटीमीटरची.

या सोयीत एक गोष्ट हरवली, असे स्पष्ट म्हणावे लागेल. संत पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितात की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. आधीच कापलेल्या सुट्या चकत्यांमधून हे दिसत नाही. मिस्सेच्या आजच्या नियमावलीतही म्हटले आहे की भाकर खरोखर अन्नासारखी दिसावी आणि धर्मगुरूंना ती मोडून निदान काही जणांना तरी देता यावी. बऱ्याच चर्चमध्ये हे अजून कागदावरच आहे.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी खमीर सोडले नाही. येशूच्या चरित्राची पहिली तीन शुभवर्तमाने त्याचे शेवटचे भोजन वल्हांडण या यहुदी सणाचे म्हणतात, म्हणजे बेखमीर भाकरीचे. चौथ्या शुभवर्तमानात योहान ते सणाच्या आदल्या संध्याकाळचे दाखवतो, म्हणजे तेव्हा खमिराची भाकर असू शकते. वाद इथूनच पेटला आणि पूर्व-पश्चिम चर्चच्या 1054 च्या फुटीत तो एक मुख्य मुद्दा होता. 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने दोन्ही प्रकार ग्राह्य ठरवले. ऑर्थोडॉक्स भाकरीत पीठ, पाणी, खमीर, मीठ असते. एकावर एक दोन थर असतात, ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांची खूण म्हणून, आणि वर शिक्का उमटवतात. शिक्क्याभोवती काडीने टोचले नाही तर आत वाफ कोंडते, थर सुटतात आणि अक्षरे फाटतात.

भूक-तहान फक्त वेदीवरच्या वस्तूंतच नाही, ती उपासातही आहे. कॅथलिकांमध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली भाकर-द्राक्षारस, घेण्याआधी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे ठरवले, 1957 मध्ये अन्नासाठी तीन तासांची मर्यादा आली आणि 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. पाणी आणि औषध आज केव्हाही चालते. आजारी आणि राबणाऱ्या माणसांसाठी हा बदल फार मोठा होता.

तेलाबाबत चर्चने हात सैल सोडला. ऑलिव्ह मिळत नसेल तर दुसरे वनस्पती तेल चालते. गव्हाबाबत मात्र नाही. कॅथलिक कायद्याच्या 924 व्या कलमानुसार भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी हवी. प्रभूने हातात घेतली ती वस्तू बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यामागची भूमिका. कोकण-गोव्यातले रोजचे अन्न भात. गोव्यात पोर्तुगीजांमुळे पाव रुजला, पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, खमीर म्हणून माडाची सूर (माडी) वापरली. पण वेदीवर ना तो पाव गेला, ना तांदूळ. तांदळाने आपली वाट वेगळी शोधली. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात राय गावी 5 ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आगेरा या सुगीच्या सणाला नवे पीक चर्चमध्ये आणतात. हे आभार मनापासूनचे आहेत. मिस्सेची भाकर मात्र गव्हाचीच राहते.

या कडक नियमाचा सर्वांत जास्त त्रास सीलिअ‍ॅक आजाराच्या रुग्णांना होतो, कारण गव्हातले ग्लुटेन त्यांच्या आतड्याला इजा करते. 2003 मध्ये व्हॅटिकनने कळवले की ग्लुटेन पूर्ण काढलेली ओस्ती ग्राह्य नाही. भाकर बांधली जाईल इतके ते राहायला हवे. त्यामुळे अगदी अल्प ग्लुटेनची ओस्ती बनते. तीही सोसत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो आणि तो पूर्णच मानला जातो. अशा व्यक्तीने मिस्सेआधी धर्मगुरूंना सांगून ठेवावे. तिची ओस्ती झाकणाच्या वेगळ्या पात्रात लागते. द्राक्षारस घेणाऱ्यासाठीही वेगळा प्याला हवा, कारण मुख्य प्याल्यात धर्मगुरू नेहमीच्या ओस्तीचा तुकडा टाकतात.