रुग्णाला हात लावण्याआधी: फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या नियमांची पार्श्वभूमी

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणाऱ्यांच्या हाती सुरुवातीलाच नियमांची पुस्तिका येते. हजेरी ठरलेल्या टक्क्यांच्या खाली नको. एप्रन स्वच्छ, नखं कापलेली, केस बांधलेले, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत. लॉगबुकावर वेळच्या वेळी सही, प्रबंधाचा आराखडा मुदतीत, रुग्णाची माहिती वॉर्डाबाहेर नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जाणारी मुलं असोत, कणकवलीहून फोंडाघाटामार्गे कोल्हापूर गाठणारी असोत, की पेण-अलिबागहून नवी मुंबईला जाणारी, शेवटच्या पानावर सही सगळ्यांनाच करावी लागते. बहुतेक जण ती न वाचता करतात, आणि मला ते खटकतं. या पुस्तिकेतली महत्त्वाची कलमं कधीतरी कुणाच्या अपमानातून, इजेतून किंवा फसवणुकीतून आली आहेत. त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: अनोळखी माणसाच्या दुखऱ्या शरीराला हात लावायचा अधिकार आपल्याला कशाच्या बळावर मिळतो?

या प्रश्नाला नियमांच्या रूपात उत्तर दिलं गेलं ते १८९४ साली, लंडनमध्ये. शहरात मसाजच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो, असं ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्या वर्षी छापलं आणि इमानाने मसाज करणाऱ्या परिचारिकांकडेही लोक संशयाने बघू लागले. तेव्हा लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. नियम मोजके होते. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही. पुरुषांना सर्वांग मसाज करायचा नाही. तातडीची गरज असेल आणि डॉक्टरने खास सांगितलं असेल तरच अपवाद. वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठेही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ पासून ती चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी या नावाने ओळखली जाते.

आजच्या पुस्तिकेतला साधा गणवेश, तपासणीच्या वेळी पडदा, स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असणं, रुग्णाशी व्यक्तिगत व्यवहार न करणं, या सगळ्याचं कूळ मला त्या चौघींच्या धास्तीत दिसतं. त्यांना आपलं काम वाचवायचं होतं, म्हणून आधी त्यांनी स्वतःवर बंधनं घातली. पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे या कामाची मागणी कितीतरी वाढली. अमेरिकेत मेरी मॅकमिलन यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये फिजिओथेरपिस्टांची संघटना उभी राहिली आणि १९३५ मध्ये त्या संघटनेने आचारसंहिता स्वीकारली.

आपल्याकडे हे शिक्षण आलं पोलिओच्या वाटेने. मुंबईत पोलिओची साथ आल्यावर १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा तो एकत्रित प्रकल्प होता. कोकणच्या वाचकाला केईएमची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९२६ पासून उभं असलेलं हे रुग्णालय गिरणगावाच्या मध्यावर आहे, आणि गिरणगावातल्या चाळी त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी भरलेल्या होत्या. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो झाला १९८१ मध्ये. गावाकडे कुणाला काही झालं की त्याला मुंबईतल्या खोलीवर आणायचं आणि केईएमला दाखवायचं, ही कित्येक घरांची रीतच होती.

हजेरीच्या नियमाकडे मी या साथीच्या नजरेने बघते. पोलिओने लुळा पडलेला पाय एका दिवसात ताकद धरत नाही. स्नायूंची ताकद पुन्हा पुन्हा तपासायची, सांधे आखडू नयेत म्हणून ते रोज हलवायचे, स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, नीट बसते का ते बघायचं, आईला घरी करायचे व्यायाम शिकवायचे, असं काम महिनोन् महिने चालतं. मधेच शिकणारा माणूस गैरहजर राहिला तर त्या पोराचा तेवढा काळ वाया जातो. पोलिओ आता आपल्याकडून गेला. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्याच्या जागी अर्धांगवायू झालेले, आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडून मणका दुखावलेले, मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेले रुग्ण आले. रोजचं काम तसंच राहिलं.

शेक आणि विजेच्या उपकरणांबद्दलच्या नियमामागे दुसरं दुखणं आहे. गरम पॅक किंवा शॉर्टवेव्ह (विजेच्या लहरींनी आतपर्यंत शेक देणारं यंत्र) लावण्याआधी त्वचेची संवेदना तपासून त्याची नोंद करायची, असं प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. तामिळनाडूतल्या वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरपासून कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केलं आणि दाखवून दिलं की बोटं झडतात ती मुख्यतः संवेदना गेल्यावर होणाऱ्या, न कळलेल्या भाजण्या-कापण्याने. ज्याला चटका कळत नाही तो ओरडत नाही. आज मधुमेहामुळे पाय बधिर झालेली माणसं गावोगाव आहेत, त्यामुळे हे कलम पूर्वीपेक्षा जास्त लागू पडतं.

१८९४ चा पहिला नियम मात्र टिकला नाही, आणि त्याच्या जाण्याने विद्यार्थ्याकडून असलेल्या अपेक्षा सर्वांत जास्त बदलल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण घ्यायचा नाही, ही अट ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने १९७६ मध्ये आपल्या आचारसंहितेतून काढली. ब्रिटनमध्येही त्याच दशकात फिजिओथेरपिस्टला उपचार स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली. स्वातंत्र्याबरोबर जोखीम आली. भातलावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून एखादी आजी येते. दिवसभर चिखलात वाकून काम केल्यावर कंबर दुखणारच, हे खरं. पण तिला संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री आडवं पडल्यावरही दुखतं का, लघवीवरचा ताबा गेलाय का, हे न विचारता ट्रॅक्शन, म्हणजे मणक्याला ताण देणारा उपचार, लावलं आणि मणक्याला क्षय असला, तर? चिठ्ठी होती तेव्हा हे प्रश्न कुणीतरी आधी विचारलेत असं धरून चालता येत होतं. आता ते विचारणं, उत्तरं लिहून ठेवणं आणि शंका आली की उपचार थांबवून आजीला डॉक्टरकडे पाठवणं विद्यार्थ्याच्या अंगावर आहे. लेखी नोंदींबद्दल शिक्षक इतके हट्टी असतात ते यासाठी, आणि तो हट्ट मला योग्य वाटतो.

कायद्याची चौकट आपल्याकडे उशिरा आली. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि संलग्न महाविद्यालयांना एक अभ्यासक्रम, एक परीक्षा मिळाली. रॅगिंगविरोधी राज्य कायदा १९९९ चा. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा राज्य कायदा २००२ चा, तर सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ चा.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला पदवीच्या मुलांपेक्षा एक ओझं जास्त असतं: प्रबंध. सिनॉप्सिस म्हणजे आराखडा, गाईडची सही, एथिक्स कमिटीची मंजुरी, संमतीपत्र. मुलांना ही कागदपत्रांची कटकट वाटते. तिच्यामागे नाझी छळछावण्यांमधले वैद्यकीय प्रयोग आहेत, त्यानंतरची १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये आपलं पहिलं नैतिक धोरण मांडलं आणि सध्या तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं चालतात.

हे कोकणात कसं उतरतं, ते बघण्यासारखं आहे. समजा, एखादी विद्यार्थिनी हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी ओढणाऱ्या खलाशांच्या खांदेदुखीवर प्रबंध करते आहे. बोटीच्या मालकाने ‘करा ना, माझी सगळी माणसं देतो’ म्हटलं की एका दुपारी तिचा नमुना, म्हणजे अभ्यासाला लागणारी माणसं, पुरा होईल. पण ती संमती मालकाची झाली. खलाशी त्याच्याकडून उचल घेऊन बसलेला असतो. तो नाही कसं म्हणेल? म्हणून प्रत्येकाला बाजूला घेऊन, त्याला कळेल अशा बोलीत सांगायचं: यात तुझ्यावर उपचार होणार नाही, फक्त मोजमाप आहे, तू नाही म्हणालास तरी मालकाला ते कळणार नाही, मधेच सोडलंस तरी चालेल. पुस्तकी मराठीतलं संमतीपत्र पुढे करून अंगठा घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. माझ्या मते गाईडने सही करण्याआधी विद्यार्थ्याकडून हे समजावणं एकदा तोंडी करून घ्यावं.

वागणुकीला गुण द्यायचे, ही कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शिक्षकांनी १९९० च्या दशकात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यात हव्यात अशा दहा क्षमता नोंदवल्या. संवाद, जबाबदारी, टीका ऐकून घेणं, ताण सांभाळणं, वेळेचा वापर अशा गोष्टी त्यात आहेत, आणि प्रत्येकीच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. त्यामुळे ‘वर्तणूक समाधानकारक नाही’ एवढ्या मोघम शेऱ्यावर कुणाला अडवणं अवघड झालं. विद्यार्थ्याच्या बाजूने हे मोठंच पाऊल होतं.

शारीरिक पात्रतेच्या अटींचं मात्र अजून बाकी आहे. रुग्णाला उचलता येणं, उभं राहून काम करता येणं, दोन्ही हात चालणं अशा अटी रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घातल्या जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर त्या पुन्हा तपासायला हव्या होत्या. वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की, अपंगत्वाची टक्केवारी ठराविक आकड्याच्या वर आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. उमेदवाराला अभ्यासक्रम झेपेल का, हे तपासलं पाहिजे. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी जे शिक्षण इथे सुरू झालं, त्याच्या दारात अपंग विद्यार्थ्याला केवळ आकड्यावरून अडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यामुळे अभ्यासक्रम नव्याने आखले जात आहेत, त्याबरोबर पुस्तिकाही नव्याने छापल्या जातील. त्यात घरभेटीसाठी एक पान असावं. आजवरचे नियम दवाखान्याची खोली, खाट आणि पडदा गृहीत धरून लिहिले गेले. कोकणात वाड्या विखुरलेल्या, डांबरी रस्त्यापासून दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून जायचं, अर्धांगवायू झालेली आजी पडवीत निजलेली आणि भोवती सून, नातवंडं, शेजारी बसलेले. तिथे लुगडं गुडघ्याच्या वर घेण्याआधी कुणाला बाहेर जायला सांगायचं आणि कसं, आजीचा होकार आणि मुलाचा होकार वेगळे निघाले तर कुणाचा मानायचा, एकटी विद्यार्थिनी गेली तर तिच्या सुरक्षिततेचं काय, गावातल्या हाडवैद्याचा लेप पायावर असेल तर त्याच्याबद्दल घरच्यांशी काय बोलायचं, हे तिला आज निघताना कुणीच सांगत नाही.