ऑगस्टमधल्या पत्रामागची शंभर वर्षं

ऑगस्टच्या मध्यावर अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत एक पत्र येतं. हल्ली ते ईमेलनं येतं. कॉलेजच्या प्रेसिडेंटनी शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना लिहिलेलं, फॉल सत्र, म्हणजे वर्षाचं पहिलं सत्र, सुरू होण्याआधीचं. प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचे प्राचार्यच, फक्त अधिकार कुलगुरूंच्या जवळ जाणारे. पत्राची सुरुवात स्वागतानं होते. मग नव्या नेमणुका, डागडुजी झालेल्या इमारती, पार्किंगचे बदललेले नियम. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजच्या, प्रवेश विभागात काम करते आणि अशी बरीच पत्रं वाचली आहेत. आमच्या ऑफिसात ते वरून खाली कुणीच वाचत नाही. बोट स्क्रीनवर सरसर खाली जातं आणि तीन शब्दांपाशी थांबतं: प्रवेशसंख्या, बजेट, रिक्त जागा. बाकीचं जेवणाच्या सुट्टीत.

या तीन शब्दांना एवढं वजन कुठून आलं, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पण आधी ऑगस्टच का? हे नेहमीच असं नव्हतं. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकायला गेल्या, तेव्हा तिथले वर्ग सुरू झाले ऑक्टोबरात. पुढेही कित्येक दशकं बहुतेक कॉलेजांचं सत्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू व्हायचं आणि परीक्षा व्हायच्या नाताळच्या सुट्टीनंतर, जानेवारीत. मुलं सुट्टीला घरी जाताना पुस्तकांचं ओझंही बरोबर न्यायची. १९६० आणि ७० च्या दशकांत एकेका कॉलेजानं सत्र अलीकडे ओढलं, म्हणजे परीक्षा नाताळाआधी उरकतात. हार्वर्डसारखं जुनं विद्यापीठ तर २००९-१० मध्ये या वेळापत्रकावर आलं. दुसरं कारण पैशाचं. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. विधिमंडळानं कॉलेजच्या पदरात नेमकं किती टाकलं हे उन्हाळ्यातच कळतं. म्हणून ऑगस्टचं पत्र हे नव्या वर्षाचे आकडे हाती आल्यावरचं पहिलं पत्र असतं.

आता प्रवेशसंख्या. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या हायस्कुलात पुढच्या शिक्षणाचे वर्ग निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना: गावातच राहून कॉलेजची पहिली दोन वर्षं करायची. विद्यार्थी किती? सहा. आज अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून जोलिएटचं नाव घेतात. ते सहा जण मला फार जवळचे वाटतात. आमच्याकडे आजही सायंकाळच्या एखाद्या वर्गात सहाच नावं आली, तर तो चालवायचा की बंद करायचा यावर बैठक बसते.

संख्या फुगली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जून १९४४ मध्ये जी.आय. बिल आलं आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. १९४७ मध्ये कॉलेजात नाव घालणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं गावोगावी कम्युनिटी कॉलेजं काढा असं सांगितलं. १९६० च्या दशकात ती शेकड्यांनी निघाली. १९६५ मध्ये उच्च शिक्षण कायदा झाला. लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही करायला टेक्ससमधलं, ते स्वतः जिथं शिकले ते कॉलेज निवडलं.

खरं वळण १९७२ चं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. वॉशिंग्टननं तेव्हा ठरवलं की मुख्य मदत कॉलेजला द्यायची नाही, गरजू विद्यार्थ्याच्या हातात द्यायची. त्याला वाटेल त्या कॉलेजात तो ती घेऊन जाईल. तेच आजचं पेल अनुदान. गरिबाघरच्या मुलामुलींसाठी यासारखा चांगला निर्णय दुसरा नसेल. पण तेव्हापासून पैसा विद्यार्थ्याच्या मागून चालू लागला. पुढे मंदीच्या प्रत्येक फेऱ्यात राज्यांनी हात आखडता घेतला, फी वाढत गेली आणि कॉलेजचं पोट अधिकाधिक फीवर अवलंबून राहू लागलं. आपल्याकडे पटसंख्या घसरली की जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक जसे धास्तावतात, तसंच इथं होतं. पट म्हणजे पगार.

आणि नेमका हा पट आता उतरणीला लागतो आहे. २००७ मध्ये अमेरिकेत ४३ लाखांहून जास्त मुलं जन्मली, तोवरची सर्वांत जास्त. २००८ च्या मंदीत लोकांनी मुलं होऊ देणं लांबवलं आणि जन्मांचा आकडा नंतर तिथवर पोचलाच नाही. २००७ अधिक १८ म्हणजे २०२५. पश्चिमेकडच्या राज्यांच्या उच्च शिक्षण आयोगाच्या अंदाजानुसार बारावी पार करणाऱ्यांच्या संख्येचा कळस २०२५ च्या सुमाराचा, सुमारे ३९ लाख, आणि २०४१ पर्यंत त्यात १३ टक्के घट होईल. जी मुलं जन्मलीच नाहीत त्यांना प्रवेशाची जाहिरात कशी दाखवणार? प्रेसिडेंट कितीही कर्तबगार असल्या तरी हा आकडा त्यांच्या हातातला नाही. पत्रात तो स्पष्ट लिहिणं मात्र त्यांच्याच हातात असतं.

पत्र ज्यांना लिहिलं जातं त्यांचाही एक इतिहास आहे. १९०० मध्ये स्टॅनफर्डच्या सर्वेसर्वा जेन स्टॅनफर्ड यांच्या आग्रहावरून एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला जावं लागलं. आशियाई मजुरांविषयीची रॉस यांची मतं आज वाचवत नाहीत. पण मालकिणीला बोलणं रुचलं नाही म्हणून शिक्षकाची नोकरी जावी का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय हे तत्त्वज्ञ होते. १९१५ मध्ये त्यांनी आणि जॉन ड्यूई यांनी पुढाकार घेऊन प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. संघटनेच्या १९४० च्या निवेदनात परिविक्षेचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा, पुढे नोकरी कायम, हे सूत्र आलं. १९६६ च्या निवेदनात कॉलेजचा कारभार विश्वस्त, प्रेसिडेंट आणि शिक्षक यांनी मिळून करायचा हे मांडलं गेलं. प्रेसिडेंटनी शिक्षकांना वेळेवर सांगावं, विचारावं, ही अपेक्षा तिथून पक्की झाली.

पण ज्यांच्यासाठी ही सूत्रं लिहिली गेली ती माणसंच बदलली. १९८७ मध्ये कायम नोकरीच्या वाटेवर नसलेल्या शिक्षकांचं प्रमाण सुमारे ४७ टक्के होतं, २०२१ मध्ये ते ६८ टक्के झालं. त्यांतले बरेचसे, आपल्याकडे ज्यांना सीएचबीवाले, तासिका तत्त्वावरचे म्हणतात, त्याच जमातीतले. इथं त्यांना ॲडजंक्ट म्हणतात. दोन कॉलेजांत तास घ्यायचे, मधल्या वेळात गाडीतच डबा खायचा. वर्ग भरला नाही तर सत्राच्या तोंडावर तास रद्द. माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात ‘माझ्या वर्गात किती झाले?’ असं विचारणारे बहुधा तेच असतात. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. तो आकडा सर्वांत आधी त्यांना कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

न सांगण्यानं काय होतं ते फिलाडेल्फियानं पाहिलं. ३१ मे २०२४ ला तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समधल्या शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना कळलं की संस्था ७ जूनला बंद होणार. मधे एक आठवडा. आणि अनेकांना ते कळलं वर्तमानपत्रातून. दीडशे वर्षांच्या परंपरेची संस्था. त्यानंतर देशभरातल्या छोट्या कॉलेजांतले लोक प्रेसिडेंटचं पत्र निराळ्या नजरेनं वाचू लागले: काय लिहिलंय याबरोबरच काय लिहिलेलं नाही, हेही.

२०२५ च्या फॉलआधीच्या पत्रांत आणखी एक परिच्छेद आला, परदेशी विद्यार्थ्यांचा. २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांवर गेले होते, इतर कुठल्याही देशाहून जास्त. त्यात मराठी मुलं किती, ते कुठल्याही मोठ्या अमेरिकी शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात गेलं की कळतं. मे २०२५ च्या शेवटी अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या, जूनच्या मध्यानंतर पुन्हा सुरू केल्या. पण मोक्याचे तीन आठवडे गेले. मुंबईच्या वकिलातीत तारीख मिळेल म्हणून पुण्या-नाशिकच्या घरांत जे जागरण चाललं होतं, त्याचं दुसरं टोक इथल्या ऑफिसांत होतं. त्या फॉलमध्ये नव्यानं आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या देशभरातल्या कॉलेजांच्या एका पाहणीनुसार १७ टक्क्यांनी घटली. जुलैत सही झालेल्या नव्या कायद्यानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या सरकारी शैक्षणिक कर्जांवर २०२६ पासून मर्यादा आणल्या, तोही हिशेब पत्रात शिरला.

पत्रातले आकडे तेव्हाही अंदाजच असतात. सत्र सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गणनेचा दिवस येतो. त्या दिवशी जे नोंदवहीत असतील तेच बऱ्याच राज्यांत अनुदानासाठी धरले जातात. आदल्या दिवशी आम्ही फोन घेऊन बसतो. फी राहिलेल्यांना, कागद अडकलेल्यांना, दोन तासांना न दिसलेल्यांना एकेक करून फोन लावतो. रात्री आठला यादी बंद होते.